‘शोधून काढले’ म्हणजे नेमके काय केले? वॅन शिप्ले, सर्फ गिटार आणि आपली बंद दप्तरे

१/ मागच्या हिवाळ्यात धुळ्याच्या जुन्या बाजारात एक सात इंची तबकडी वीस रुपयांना मिळाली. पाकीट फाटलेले, कडेला बुरशी, आणि मागच्या बाजूस एका लाऊडस्पीकरवाल्याचा निळा रबरी शिक्का. पुढच्या बाजूस चित्रपटांची नावे ठळक अक्षरांत होती. त्यांच्याखाली, डोळे बारीक करून वाचावे अशा टाइपात: वॅन शिप्ले, इलेक्ट्रिक गिटार.

२/ तिचे छायाचित्र मी समाजमाध्यमावर टाकले. तासाभरात एका इतिहासप्रेमी मित्राचे उत्तर आले, की हा तर ‘भारतीय सर्फ गिटार’वाला, परदेशी संग्राहकांनी अलीकडेच शोधून काढलेला. मित्राला दुखवण्याचा हेतू नाही. परंतु त्याच्या एका ओळीत दोन चुका आहेत आणि दोन्ही आपण सर्वजण रोज करतो. हा धागा त्या दोन चुकांविरुद्ध आहे.

३/ आधी शब्द समजून घेऊ. सर्फ गिटार म्हणजे १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आकारास आलेली वाद्यसंगीताची शैली. गायक बहुधा नसतोच. गिटार हाच गायक. तारेवर अतिवेगाने पिक चालवून एकच स्वर थरथरत ठेवायचा आणि ॲम्प्लिफायरमधल्या स्प्रिंगच्या साह्याने त्याला ओलसर, विहिरीतून यावा तसा घुमारा द्यायचा. द व्हेंचर्स या वाद्यवृंदाचे ‘वॉक, डोन्ट रन’ १९६० चे, डिक डेलचे ‘मिसिरलू’ १९६२ चे. इंग्लंडमध्ये याच काळात द शॅडोज होते. त्यांचे ‘अपाचे’ १९६० चे. मुंबईच्या महाविद्यालयीन बीट ग्रुपांतील मुलांनी हीच वादने रेकॉर्ड पुन्हापुन्हा लावून घोटली.

४/ आता गंमत पाहा. डिक डेलचे खरे नाव रिचर्ड मन्सूर. वडिलांचे घराणे लेबनॉनचे; घरात ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजत असे. ‘मिसिरलू’ ही चाल मुळात पूर्व भूमध्यसागरी प्रदेशातली. तिचे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण १९२७ चे, ग्रीक भाषेतले. म्हणजे जिला आपण ‘अस्सल अमेरिकन’ समजतो त्या शैलीच्या सर्वांत प्रसिद्ध तुकड्याची नाळ आपल्याच बाजूच्या जगात पुरलेली आहे. यावरून ‘बघा, सर्फ आमचेच’ अशी आरोळी कोणी ठोकू नये. ती दुसऱ्या टोकाची बाष्कळ चूक होईल. पुष्पक विमानवाल्यांना या धाग्यात जागा नाही.

५/ वॅन शिप्ले. जन्म लखनौ, १९२७. मृत्यू मुंबई, २००८. व्हायोलिन आणि गिटार या दोन्ही वाद्यांवर हुकमत. आठ तारांची विजेची गिटार आणि ‘जिप्सी व्हायोलिन’ या नावाने ओळखले जाणारे विजेचे व्हायोलिन ही त्याची खास वाद्ये. भारतातील पहिल्या इलेक्ट्रिक गिटारवादकांत त्याची गणना होते. एच.एम.व्ही.साठी त्याने चित्रपटगीतांच्या चाली वाजवल्या. त्यांतल्या कित्येक वादनांत ॲकॉर्डियन एनॉक डॅनियल्सचे आहे, जे आपल्या पुण्याचे. (क्लिफ रिचर्डही लखनौचाच, १९४० चा. एकाच शहराने एका पिढीत दोन वेगळ्या दिशांना विजेची गिटार धाडली, ही नोंद जाता जाता.)

६/ शिप्लेची वादने पन्नासच्या दशकात सुरू होतात. डिक डेलचे ‘मिसिरलू’ अजून कोसो दूर आहे. तेव्हा त्याला ‘भारतीय सर्फ गिटारवादक’ म्हणणे म्हणजे तुकारामाला मराठीतला अमुक-तमुक इंग्रज कवी म्हणण्यासारखे. नाव परके असल्याचे मला वावडे नाही. या नावाने कालक्रम उलटा होतो, हा माझा आक्षेप आहे. आधीचा माणूस नंतरच्याची सावली ठरतो.

७/ मग त्याच्या गिटारीचा खरा पूर्वज कोण? हवाईयन गिटार. मांडीवर आडवी ठेवून तारेवर पोलादी दांडी सरकवत वाजवायची गिटार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हवाई बेटांच्या फिरत्या कलावंतांबरोबर भारतात आली आणि येथे रुजली. टाऊ मो हा हवाईयन वादक तर चाळीसच्या दशकात कोलकात्यात राहिला. आपल्या कानांना ती का भावली, हे उघड आहे. पडदे असलेल्या गिटारीवर मींड काढताना कसरत करावी लागते. दांडी सरकवली की मींड आपोआप येते. गळ्याची हरकत तारेवर उतरवता येते. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी याच वाद्यावर रागसंगीत मांडले. चित्रपटगीत वाजवणाऱ्यांनी लता-रफींच्या गळ्यातली जागा न् जागा उचलली.

८/ म्हणून शिप्लेचे वादन ऐकताना कान दोन ठिकाणी लावावेत. थरथर आणि घुमारा यांकडे लक्ष दिले तर कॅलिफोर्निया आठवेल. परंतु स्वर कोठून उचलला जातो आणि कोठे ठेवला जातो, शब्द नसताना ‘शब्दां’च्या मध्ये श्वास कोठे घेतला जातो, हे ऐकले तर लक्षात येते की हा वादक गात आहे. सर्फवाला सहसा गात नाही, तो धावतो.

९/ आता दुसरी आणि अधिक गंभीर चूक: ‘शोधून काढले’.
२००८ साली सिएटलच्या सब्लाइम फ्रिक्वेन्सीज या कंपनीने ‘बॉलिवुड स्टील गिटार’ नावाचे संकलन काढले. त्यात वॅन शिप्ले आहे, कोलकात्याचे सुनील गांगुली आणि बटुक नंदी आहेत, एस. हजारासिंग आहेत, चरणजित सिंग आहेत, आणि काझी अनिरुद्ध आहेत, जे कवी काझी नझरुल इस्लाम यांचे पुत्र. संकलन उत्तम आहे. ज्याने ते केले त्याचे उपकार मानावेत. पण ही वादने हरवली केव्हा होती?

१०/ आकाशवाणी ऐकत वाढलेल्या कुणालाही विचारा. बातम्यांना दोन-तीन मिनिटे उरली की निवेदक काय लावी? गिटारीवरची एखादी चाल. वेळ झाली की मध्येच तोडून ‘आता बातम्या’. चित्रपटगृहात खेळ सुरू होण्यापूर्वी, दिवे अजून लागलेले असताना, काय वाजत असे? हेच. लग्नाच्या मांडवात पंगत बसली असताना, गाणे लावले तर गप्पा बुडतील म्हणून लाऊडस्पीकरवाला काय लावी? माझ्या वीस रुपयांच्या तबकडीवरचा निळा शिक्का त्याचे उत्तर देतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या एका अख्ख्या पिढीने शिप्लेला जेवताना ऐकले आहे.

११/ संगीत हरवले नव्हते. हरवले होते नाव, आणि तेही आपोआप गळून पडले नाही. पद्धतशीरपणे लहान टाइपात छापले गेले. पाकिटावर नटीचे चित्र, चित्रपटाचे नाव, संगीतकाराचे नाव, आणि ज्याच्या बोटांतून तो आवाज आला तो तळाशी. रेडिओवर तर तेवढेही क्वचितच. कायद्याची अवस्था तीच. कॉपीराइट कायदा १९५७ चा. वादक-गायकांचे ‘सादरकर्ते’ म्हणून वेगळे हक्क त्यात आले १९९४ च्या दुरुस्तीने. शिप्लेच्या उमेदीची वर्षे तोवर सरली होती.

१२/ ‘जान पहचान हो’ घ्या. चित्रपट ‘गुमनाम’, १९६५, दिग्दर्शक राजा नवाथे. पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्ज हा वाद्यवृंद, लक्ष्मी छायाचे ते बेभान नृत्य, मोहम्मद रफींचा आवाज, शंकर-जयकिशनचे संगीत. आरंभीची गिटार ऐका. मुंबईत वाजलेल्या सर्फचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. २००१ मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाचा आरंभ याच दृश्याने झाला, २०११ मध्ये एका जगप्रसिद्ध बिअरच्या जाहिरातीत ते वाजले, आणि मग आपल्या मुलांनी ते ‘शोधले’. संगीतकारांचे साहाय्यक दत्ताराम आणि सबॅस्टियन डिसूझा यांची नावे तरी जाणकारांना ठाऊक आहेत. गिटार वाजवणाऱ्याचे नाव किती जण घेतात? चित्रपटाचे नाव ‘गुमनाम’ आहे, यावर मी वेगळी टीका करत नाही.

१३/ चरणजित सिंग यांची कथा तर अधिक बोलकी. चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले गिटारवादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी एच.एम.व्ही.साठी केली. ती फारशी खपली नाही. २००२ मध्ये एडो बौमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली; २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली आणि युरोप अवाक् झाला, कारण शिकागोत ज्या आवाजाला पुढे ‘ॲसिड हाऊस’ हे नाव मिळाले तो त्यात कित्येक वर्षे आधीच ऐकू येत होता. बौमनने शोध घेतला तेव्हा चरणजित सिंग कोठे सापडले? मुंबईत. आपल्या घरी. २०१५ साली त्यांचे निधन झाले, पण त्याआधी सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थांनी युरोपात जाऊन आपले राग वाजवले. दिल्लीच्या दुकानात ती तबकडी पडून होती त्या वर्षांत तेथून किती भारतीय संगीतरसिक गेले असतील, याचा विचार मी टाळतो.

१४/ येथे कोणी म्हणेल: पाश्चात्त्यांनी आपला ठेवा लुटला! नाही हो. भंगारात वीस रुपयांना विकत घेतलेली वस्तू लुटलेली नसते. बौमनने पैसे, वेळ आणि कान खर्च केले. ग्रेगरी बूथ या न्यूझीलंडच्या प्राध्यापकाने मुंबईच्या स्टुडिओतील वादकांना भेटून, त्यांना बोलते करून २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ लिहिला. लग्नातल्या बँडवाल्यांवर त्यापूर्वीच एक लिहिला होता. आपल्या विद्यापीठांत हे विषय ‘हलके’ ठरत होते तेव्हा तो माणूस वादकांच्या घरी चहा पीत टिपणे काढत होता. राग धरायचाच तर आरशासमोर उभे राहून धरावा.

१५/ आपल्या कल्पनाशक्तीला किती गंज चढला आहे पाहायचे असेल तर २०१६ चा ‘बँजो’ पाहा. दिग्दर्शक रवी जाधव, आपले मराठी. मुंबईच्या वस्तीतल्या बँजोवादकाचा शोध घ्यायला चित्रपटात कोण येते? न्यूयॉर्कची तरुणी. आपल्या वस्तीतला आवाज ऐकायला आपल्याच शहरातली एखादी मुलगी येऊ शकते, ही शक्यता पटकथेलासुद्धा सुचली नाही.

१६/ बँजोचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबू, कारण हे आपले खानदेशी दप्तर आहे. मिरवणुकीत ज्याला आपण बेंजो किंवा बँजो म्हणतो तो अमेरिकी बँजो नव्हे. ते बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज जपानचा ताइशोगोतो. १९१२ मध्ये नागोयाच्या मोरिता गोरो यांनी तो बनवला. तारांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणे बसवलेली. आपल्या कारागिरांनी त्याला पिकअप लावला, ॲम्प्लिफायर जोडला, कर्ण्यातून बाहेर काढले. एका हाताने बटणे, दुसऱ्या हाताने तारेवर पिक इतक्या वेगाने की स्वर तुटतच नाही. तिसऱ्या टिपणात सर्फ गिटारीचे वर्णन केले आहे, ते पुन्हा वाचा. शिरपूर किंवा पारोळ्याच्या वरातीत उभे राहून ज्याने हे ऐकले त्याला सर्फ गिटार कशी असते हे समजावून सांगावे लागत नाही.

१७/ एका तालुक्याच्या गावी म्हाताऱ्या बेंजोवादकाला मी शिप्लेचे एक वादन मोबाइलवर ऐकवले. तीन सेकंदांत त्यांची बोटे गुडघ्यावर चालू लागली. हे कोण वाजवतो ठाऊक आहे का, असे विचारल्यावर म्हणाले, “नाव कोनले माहीत शे भाऊ, चाल मातर समदासले माहीत.” मग त्यांनी आपल्या पार्टीतल्या, आता हयात नसलेल्या साथीदारांची नावे सांगितली. मी वही नेली नव्हती. इतिहासाचा अभ्यासक म्हणवून घेणारा मी, आणि वही नेली नव्हती.

१८/ आता मुख्य आक्षेपाकडे. ‘सिनेमाच्या चाली वाजवणे यात इतिहास कसला? किल्ले, ताम्रपट, मोडी कागद हा इतिहास.’ हा प्रश्न मला धुळ्यातच विचारला गेला, म्हणून उत्तरही धुळ्याचेच देतो.

१९/ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात गेले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, पानिपतपर्यंतच्या काळाच्या पत्रांचा, ते कागद वाईला मिळाले होते. पुढे एकवीस खंड. हा माणूस वाड्यावाड्यांतून, माळ्यामाळ्यांवरून, उंदरांनी कुरतडलेले रुमाल सोडवत हिंडला. घरमालकांना ती रद्दी वाटत होती. ती साधने आहेत, असे म्हणणारा माणूस उभा राहिला तेव्हा ती साधने झाली. आज धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ त्याच कष्टांवर उभे आहे. याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून रामदासी बाडे गोळा केली. समर्थ वाग्देवता मंदिरात ती जपली गेली. ज्या गावात दोन-दोन दप्तरखाने ‘रद्दी’तून उभे राहिले त्या गावात जुन्या तबकड्यांना रद्दी म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे.

२०/ ‘पण मोडी पत्रात माहिती असते, तबकडीत काय?’ उत्तर लांब आहे. एकच उदाहरण घेतो. पश्चिमेत ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या १९६० च्या आसपास बंद झाल्या. भारतात त्या साठच्या दशकातही दमदमच्या कारखान्यात निघत होत्या. बीटल्ससुद्धा येथे ७८ वर छापले गेले. का? कारण गावोगाव वीज नव्हती आणि चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही. आता हे चित्र डोळ्यांपुढे आणा: विजेच्या गिटारीचे वादन, बिनविजेच्या घरात, चावी पिळून. वीज गावात येण्याआधी विजेचा आवाज आला होता! आपल्या ग्रामीण आधुनिकतेवर लिहिणाऱ्यांपैकी कितींनी हे टिपले?

२१/ आणि वाजवणारे कोण? लखनौचा ख्रिस्ती, पुण्याचा ख्रिस्ती, मुंबईतले शीख, नझरुलचा मुलगा, गोव्याचे संयोजक. ज्याला आपण ‘हिंदी गाणे’ म्हणून एका श्वासात आपले म्हणतो ते किती हातांतून आले, याचा पुरावा पाकिटाच्या तळाच्या त्या बारीक टाइपात आहे. भाषणांतून सापडणार नाही.

२२/ खानदेशला हा धडा नव्याने शिकवायला नको. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी व नातलगांनी कागदावर उतरवली म्हणून राहिली. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने संग्रह १९५२ मध्ये आला. आज आपण त्यांचे शब्द वाचतो. जात्याच्या घरघरीवर त्या कोणत्या ओळीला थांबत, कोठे हेल काढत, हे कागद सांगत नाही. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ पासून होत होते. पन्नास वर्षे यंत्र होते आणि जळगावच्या मळ्यापर्यंत ते कोणी नेले नाही. हे आठवले की तबकडीच्या विषयाला ‘हलका’ म्हणणाऱ्याशी सौजन्याने बोलणे मला जड जाते.

२३/ आता कामाचे. जुन्या घरात, भंगारवाल्याकडे, बंद पडलेल्या लाऊडस्पीकरच्या दुकानात तबकडी दिसली तर आधी पाकीट आणि तबकडी दोन्हींच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या. लेबलवरचा क्रमांक लिहा, एच.एम.व्ही.च्या छोट्या चित्रपटगीत तबकड्यांवर तो बहुधा ‘७ ईपीई’ने सुरू होतो. मग तबकडी उजेडात तिरपी धरा: लेबल आणि शेवटची रेघ यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला एक क्रमांक दिसेल. तो त्या मुद्रणाचा क्रमांक. पाकिटे बदलतात, तो बदलत नाही. लाखेची तबकडी ओल्या फडक्याने घासू नका, आडवी ढीग करून ठेवू नका, उभी ठेवा. कुणाचा शिक्का, नाव, तारीख, लग्नाचा मजकूर असेल तर तो पुसू नका. तोच तुमचा मोडी कागद.

२४/ अनेक जण विचारतील म्हणून कायद्याचे. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे पन्नासच्या दशकातली शिप्लेची मुद्रणे त्या हक्कातून मुक्त झाली आहेत. मात्र चालीचा हक्क वेगळा. तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. जतनासाठी अंकीकरण करताना हा भेद लक्षात ठेवा आणि सगळेच सरसकट चढवून मोकळे होऊ नका.

२५/ ‘भारतीय सर्फ’ हे लेबल मी काढून टाका म्हणत नाही. ‘जान पहचान हो’ला ते शोभते, बीट ग्रुपांना शोभते. शिप्लेच्या पाकिटावर मात्र ‘इलेक्ट्रिक गिटार’ असे छापले आहे. छापील साधन हाती असताना त्यावर दुसऱ्याची चिठ्ठी चिकटवायची नसते, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात.

२६/ त्या बेंजोवादकांकडे मी परवा पुन्हा जाऊन आलो. या वेळी वही होती. पार्टीतल्या अकरा जणांची नावे, कोण काय वाजवी, कोणत्या वर्षी कोण आले-गेले, पहिला ॲम्प्लिफायर कोठून आणला, सगळे उतरवून घेतले. दोन नावांवर त्यांचे आणि त्यांच्या धाकट्या भावाचे एकमत होईना. दोन्ही पाठ लिहून ठेवले आहेत. निळ्या शिक्क्याचा लाऊडस्पीकरवाला त्यांच्या ओळखीचा निघाला. त्याचा मुलगा धुळ्यातच असतो, माळ्यावर अजून दोन पेट्या आहेत म्हणे. रविवारी जाणार आहे. कोणाला यायचे असेल तर कळवा. दोन माणसे आणि एक चांगला कॅमेरा लागेल.